१७ व्या किलोमीटरला पोटरीत गोळा: मीठ कमी पडलं की सराव?

तिसरं_गेट | २ डिसेंबर, सकाळी ७:१०

रविवारी बेळगावात आयुष्यातली दुसरी हाफ मॅरेथॉन पळालो. म्हणजे १७ किलोमीटर पळालो आणि ४ किलोमीटर लंगडलो.

काँग्रेस रोडला लागेपर्यंत सगळं झकास होतं. मग उजव्या पोटरीत फुरफुरायला लागलं, कातडीखाली उंदीर फिरावा तसं. दुर्लक्ष केलं. दोन मिनिटांत असा गोळा आला की टाच जमिनीला टेकेना. फूटपाथच्या कडेला बसकण मारली. बाजूच्या इडलीच्या गाड्यावरचा माणूस धावत आला, पाय बघितला आणि म्हणाला, "सेळेत री, सेळेत. उप्पु तिन्री!" पेटका आलाय, मीठ खा.

आता मीठ मी काय कमी खाल्लं होतं? आदल्या रात्री ओआरएसचं अख्खं पाकीट, सकाळी केळं, वाटेत इलेक्ट्रोलाइटच्या दोन पुड्या, आणि पाण्याचं एकही टेबल सोडलं नाही. तरी पाय आखडलाच. शर्टावर मात्र वाळल्यावर मिठागर उमटलं होतं.

वय ४६, वजन ७४, ना बीपी ना शुगर. रोज सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पळतो. यामागचं खरं कारण काय आणि पुढच्या वेळी काय करावं? "पाणी पी" सोडून काहीही सांगा.

---

कुंदा_कमी_खा | २ डिसेंबर, सकाळी ७:३२

पाणी पी.

(रुमाल टाकून ठेवतोय. मलाही हाच त्रास आहे, फक्त मला तो जिना चढताना होतो.)

---

जांबोटी_एक्सप्रेस | २ डिसेंबर, सकाळी ९:०५

माझं सायकलवर सेम. चोर्ला घाट उतरून परत चढून येताना मांडीच्या मागच्या बाजूला गोळा येतो, नेहमी डाव्याच पायाला. कणकुंबीच्या अलीकडे एकदा सायकलवरून उतरताच येईना, मित्राने मला सायकलसकट धरून ठेवलं होतं. तेव्हापासून मी मॅग्नेशियमच्या गोळ्या घेतो. फरक आहे असं वाटतं. वाटतं म्हणजे वाटतंच, शपथ घेणार नाही.

---

माई_येळ्ळूर | २ डिसेंबर, दुपारी १२:४८

नमस्कार. नात टाइप करते आहे. आम्ही याला वांब येणं म्हणतो. दिंडीत चालताना तिसऱ्या-चौथ्या मुक्कामाला रात्री हमखास येतात. पंढरपूरपर्यंत चालायचं म्हणजे पाय बोलणारच. आमच्यात कोणी आमसुलाचं पाणी देतं, कोणी लोणच्याचा खार चाटवतं. खार चाटला की लगेच सुटतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. आता यात शास्त्र काय ते तुम्ही शिकलेल्यांनी सांगा.

---

फिजिओ_निपाणी | २ डिसेंबर, रात्री १०:२०

दिवसभर क्लिनिक होतं, आत्ता वाचलं. तिसरं_गेट दादा, उत्तर देण्याआधी माझेच प्रश्न:

सरावात सर्वांत लांब किती पळाला होतात? रोजचा वेग काय आणि रविवारी पहिल्या दहाचा वेग काय होता? याआधी असा गोळा कधी आला होता का? आणि गोळा फक्त त्याच पोटरीत आला की पोट, हात, दोन्ही पाय असा फिरत होता?

घड्याळातले आकडे टाका. आठवणीतले नकोत, आठवण नेहमी थोडी हळू पळते.

---

तिसरं_गेट | ३ डिसेंबर, सकाळी ६:५५

पकडलंत, ताई.

सरावात सर्वांत लांब १४. तेही एकदाच, बाकी ८ ते १०. रोजचा वेग किलोमीटरला ७ मिनिटं. रविवारी पहिले १० किलोमीटर ६१ मिनिटांत. कॅम्प भागातली दोन पोरं सोबत होती, त्यांच्याशी गप्पा मारत गेलो. गप्पा तेच मारत होते, मी हुं हुं करत होतो. मागच्या वर्षीही १८ ला थोडं आखडलं होतं. गोळा फक्त उजव्या पोटरीत.

---

कुंदा_कमी_खा | ३ डिसेंबर, सकाळी ७:०१

धागा संपला. आरोपीने गुन्हा कबूल केला आहे.

---

फिजिओ_निपाणी | ३ डिसेंबर, रात्री ९:४५

संपला नाही, आत्ता कुठे सुरू होतोय. जरा लांबण लावते.

"घामातून मीठ गेलं म्हणून गोळा आला" हा समज शंभर वर्षं जुना आहे आणि तो काही हवेतून आलेला नाही. इंग्लंडच्या कोळसा खाणींत, बोटींच्या बॉयलरपुढे कोळसा टाकणाऱ्यांना असे पेटके यायचे. १९२३ साली मॉस यांनी खाणकामगारांबद्दल लिहून ठेवलंय की भरपूर घाम गाळून वर नुसतं पाणी प्यायलेल्यांना पेटके यायचे आणि पाण्यात थोडं मीठ घातलं की थांबायचे. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरणाच्या कामावरही हेच दिसलं. तेव्हापासून पेटका म्हणजे मीठ हे समीकरण डोक्यात पक्कं बसलं.

मग लोकांनी मॅरेथॉन आणि ट्रायथलॉनवाल्यांचं (पोहणं, सायकल, पळणं एकापाठोपाठ) रक्त तपासायला घेतलं, आणि गणित जुळेना. गोळे आलेल्यांचं आणि न आलेल्यांचं सोडियम (मिठातलं), पाण्याची तूट, सगळं जवळजवळ सारखंच. दक्षिण आफ्रिकेतल्या श्वेलनस यांच्या गटाने आयर्नमॅन या लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचे २१० स्पर्धक तपासले, २०११ मध्ये ते छापून आलं. गोळे कोणाला आले? ज्यांनी वेग जास्त ठेवला आणि ज्यांना आधीही येत होते त्यांना. दादा, तुमचं पत्रिकेसारखं जुळतंय बघा.

याच श्वेलनस यांनी १९९७ मध्ये दुसरा विचार मांडला होता. आपल्या स्नायूत एक यंत्रणा "आकुंचन पाव" असा निरोप मज्जारज्जूकडे पाठवते आणि स्नायूच्या टोकाला, त्याला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत, दुसरी यंत्रणा "बस झालं, सोड" म्हणते. पहिली ॲक्सिलरेटर, दुसरी ब्रेक. स्नायू फार दमला की ॲक्सिलरेटर अडकतो आणि ब्रेक ढिला पडतो. स्नायू आखूड अवस्थेत काम करत असेल तर कंडरा सैल असतो, म्हणजे ब्रेक आणखी ढिला. म्हणूनच रात्री झोपेत पाऊल खाली ताणलं की पोटरीत वांब येतो.

आता विचार करा. मीठ साऱ्या अंगातून गेलं, मग गोळा एकट्या उजव्या पोटरीतच का? आणि पाय ताणला की अर्ध्या मिनिटात सुटतो, तो कसा? ताणल्याने काही मीठ परत येत नाही. ताणल्याने कंडरा ओढला जातो आणि ब्रेक लागतो.

गोळा आला की काय करायचं: थांबा. गुडघा सरळ, पावलाचा चवडा हाताने धरून नडगीकडे ओढा आणि धरून ठेवा. हिसके नकोत. मांडीच्या मागे आला तर टाच पुढे टेकून, गुडघा सरळ ठेवून कमरेतून वाका. सुटल्यावर पाच मिनिटं चाला. लगेच आधीच्या वेगाने सुटलात तर तो तिथेच वाट बघत असतो.

---

पैलवान_जुना | ३ डिसेंबर, रात्री १०:३०

ताई, हे आमच्या वस्तादांना कोणी न शिकवता ठाऊक होतं. तालमीत पोराच्या पोटरीत वांब आला की वस्ताद काही न बोलता पायाचा अंगठा धरायचे आणि वर ओढायचे, दुसरा हात गुडघ्यावर. पोरगं बोंबलायचं, मग गप्प. मीठबीठ कोणी दिलं नाही.

आणखी एक आठवलं. आमच्यात एका पोराने पैजेवर एका दमात कायच्या काय बैठका मारल्या. दोन दिवसांनी मांड्या सुजून दगड, आणि लघवी कोऱ्या चहासारखी. घरचे म्हणाले उष्णता झाली, सब्जा द्या. वस्तादांनीच रिक्षात घालून दवाखान्यात नेला. मूत्रपिंडावर आलं होतं. वाचला.

---

फिजिओ_निपाणी | ३ डिसेंबर, रात्री १०:४१

पैलवान काका, तुमच्या वस्तादांना नमस्कार सांगा.

आणि ती दुसरी गोष्ट सगळ्यांनी नीट वाचा. तो पेटका नव्हे. स्नायूच फुटून त्यातलं रंगद्रव्य रक्तात उतरलं की लघवी तशी होते आणि मूत्रपिंडं अडचणीत येतात. व्यायामानंतर लघवी काळपट-तपकिरी दिसली तर घरगुती काही करत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. एकाच पोटरीला सूज, ऊब आणि न थांबणारं दुखणं असेल तरीही तसंच. थोडं चाललं की पोटरी भरून येते आणि उभं राहिलं की थांबते, हे पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तवाहिन्या तपासून घ्या, विशेषतः बिडी-सिगरेट ओढणाऱ्यांनी.

---

ओतारी | ४ डिसेंबर, रात्री ११:५५

सेकंड शिफ्ट करून आलोय. ताईंचं पटलं पण पूर्ण नाही.

मी उद्यमबागेत फौंड्रीत आहे, भट्टीवर. वितळलेलं लोखंड ओततो. एप्रिल-मे मध्ये शिफ्ट संपत आली की आमच्यातल्या दोघा-तिघांना गोळे येतात, आणि ते एका जागी नसतात. आधी बोटं वाकडी होतात, हातोडी सुटत नाही. मग पोट धरतं, मग मांडी. ताणलं की इथलं सुटतं आणि तिथं धरतं. लिंबू-मीठ-गुळाचं पाणी ठेवायला लागल्यापासून खूप कमी झालं. नुसतं गार पाणी ढोसणाऱ्याला जास्त व्हायचं. हे मी माझ्या बोटांवर बघितलंय. मग मीठ खोटं कसं?

---

फिजिओ_निपाणी | ५ डिसेंबर, सकाळी ८:१५

ओतारी दादा, मीठ खोटं नाही. माझं लिहिणं एकांगी झालं, चूक कबूल.

तुमचे पेटके आणि तिसरं_गेट यांचा गोळा ही दोन वेगळी प्रकरणं आहेत असं समजा. तुम्ही सांगताय तो फिरता, अंगभर, तासन् तास उष्णतेत घाम गाळल्यावर, नुसतं पाणी प्यायल्यावर येणारा पेटका. तोच तो खाणकामगारांचा. तिथे मिठाचं पाणीच लागतं. म्हणूनच मी पहिल्या दिवशी विचारलं होतं की गोळा फिरत होता का. त्यांचा एकाच पोटरीत, थंडीतल्या सकाळी, अडीच तासांच्या आत आला.

घामातलं मीठही प्रत्येकाचं वेगळं असतं. लिटरभर घामात कोणाचं अर्धा ग्रॅम सोडियम जातं, कोणाचं दीड-दोन ग्रॅमच्या घरात. मिठाच्या हिशेबात सांगायचं तर साधारण सव्वा ग्रॅमपासून पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे चिमूट-दोन चिमटीपासून जवळजवळ चमचाभर. शर्टावर पांढरी नक्षी उमटणारे बहुधा दुसऱ्या टोकाकडचे. घाम किती जातो ते घरी बघता येतं: तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं तर एक लिटर गेला. मध्ये काही प्यायलात तर ते त्यात मिळवा.

केळ्याचं मात्र खरंच काही नाही. घामात पोटॅशियम लिटरला ०.२ ग्रॅमच्या आसपास, मध्यम केळ्यात ०.४ ग्रॅम. म्हणजे दोन लिटर घामाचं एका केळ्यात भागलं. पोटॅशियम कमी पडतच नाही. केळं खा, भुकेसाठी खा.

जांबोटी दादा, मॅग्नेशियम: वयस्कर लोकांच्या रात्रीच्या पेटक्यांवर बरेच प्रयोग एकत्र करून बघितले, फारसा उपयोग दिसला नाही. व्यायामातल्या पेटक्यांवर तर धड प्रयोगच नाहीत. पोट बिघडत नसेल तर तुमचा खिसा, तुमचा प्रश्न. त्यापेक्षा सीट किती उंच आहे आणि डावा पाय पेडलला किती ताणला जातो ते बघा. दर वेळी एकाच पायाला येतंय म्हणजे गोळ्यांच्या डबीत उत्तर नाही.

---

ओतारी | ५ डिसेंबर, दुपारी १:३०

होय की. आता जमलं.

---

नवा_भिडू | ५ डिसेंबर, दुपारी ३:१०

बेळगाव की बेळगावी लिहायचं हो इथं?

---

कुंदा_कमी_खा | ५ डिसेंबर, दुपारी ३:१२

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तो गेली कित्येक वर्षं चालूच आहे. इथं फक्त पोटरीचे प्रश्न घेतो.

---

माई_येळ्ळूर | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:००

माझ्या खाराचं राहिलं.

---

फिजिओ_निपाणी | ५ डिसेंबर, रात्री ९:५०

माई, तुमच्या खाराचीच गोष्ट सगळ्यांत भारी आहे, म्हणून मागे ठेवली होती.

अमेरिकेत केव्हिन मिलर यांनी २०१० मध्ये हे मोजून बघितलं. त्यांच्याकडे काकडीच्या लोणच्याचं पाणी, आंबट आणि खारट. विजेने पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत पेटका आणला आणि कधी पाणी दिलं, कधी तो खार. पाणी प्यायल्यावर पेटका साधारण १३४ सेकंद टिकला, खार प्यायल्यावर ८५. तुम्ही म्हणालात तसंच. पण गंमत अशी की एवढ्या वेळात खारातलं मीठ पोटातून रक्तात पोचूच शकत नाही, आणि रक्त तपासलं तर त्यात फरकही नव्हता. म्हणजे काम मिठाने केलं नाही. घशाला जो झणका बसला त्याने मज्जातंतूंमार्फत तो अडकलेला ॲक्सिलरेटर सुटला असावा, असा अंदाज आहे.

तोंडात-घशात तिखट, मोहरी, आलं ओळखणारी संवेदके असतात. मिरचीचं तिखट ओळखणारं संवेदक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. आणि रॉड मॅकिनन, २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेलवाले, स्वतः कायाक वल्हवताना पेटक्याने हैराण झाले म्हणून याच्यामागे लागले आणि आलं-दालचिनी-मिरचीचं पेय करून बसले. त्याचा सगळ्यांना गुण येतोच असं नाही. आणि खार पेटका सोडवायला, टाळायला नाही.

आपल्याकडे तर लोणच्यात आंबट, खारट, मोहरी, मिरची सगळं एकत्रच. फक्त चमचाभर पुरे, वाटी नको. बीपी असेल तर तेही विचारून.

---

जांबोटी_एक्सप्रेस | ५ डिसेंबर, रात्री १०:०५

म्हणजे संकेश्वरी मिरची चावली की गोळा पळून जाणार?

---

पैलवान_जुना | ५ डिसेंबर, रात्री १०:०९

संकेश्वरी चावली तर तूच पळशील. गोळा मागे राहील.

---

तिसरं_गेट | ६ डिसेंबर, सकाळी ७:२०

ताई, मग पाणी कमी प्यायचं की जास्त? मी प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास मारत होतो. शेवटी पोटात डबडब वाजत होतं.

---

फिजिओ_निपाणी | ६ डिसेंबर, दुपारी २:३०

डबडब वाजेपर्यंत तर नाहीच. तहान लागेल तेवढं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त तपासलं, १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं, आणि त्यात ज्यांचं वजन पळताना वाढलं ते पुढे होते. पळून वजन वाढतं म्हणजे माणूस गरजेपेक्षा जास्त प्यायलाय. बोटातली अंगठी घट्ट होणं, डोकं दुखणं, उलटी, बोलण्यात गोंधळ ही लक्षणं दिसली तर त्याला आणखी पाणी पाजू नका, डॉक्टरांकडे न्या. "चक्कर येतेय, पाणी पाज" ही आपली सवय तिथे घात करते.

ओआरएसचं पाकीट घ्यायचं तर त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात, साधारण एका लिटरला एक. अर्ध्या ग्लासात कालवून घट्ट करू नका, पोट ढवळतं.

आता तुमचा सराव. व्हॅक्सिन डेपोच्या सपाटीवर ८ किलोमीटर पळणारी पोटरी १७ नंतर नवखीच असते. लांब पळणं दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवा, १८-१९ पर्यंत न्या. दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला थोडं उतरा. आठवड्यातून एकदा चढ: राजहंसगडाचा रस्ता हाताशी आहे. आणि घरी पायरीच्या कडेवर चवडे टेकून, दोन्ही पायांनी वर, एका पायाने सावकाश खाली. १५ चे तीन संच, एक दिवसाआड. मोजत तीन सेकंदांत खाली. ही खाली येण्याची ताकदच उताराला आणि शेवटच्या टप्प्याला उपयोगी पडते.

आणि पहिले ५ किलोमीटर कोणाशी गप्पा मारायच्या ते आधी ठरवा.

---

तिसरं_गेट | २४ फेब्रुवारी, रात्री ८:४०

धागा वर काढतोय.

काल कोल्हापूरला पुन्हा २१ पळालो. मधल्या काळात पायऱ्या इमानदारीत केल्या. बायको म्हणते जिन्याची कड झिजली. लांब पळणं १८ पर्यंत नेलं, येळ्ळूरच्या बाजूने चढ तीन वेळा, चौथ्या वेळी पाऊस आल्याचं निमित्त केलं. फेब्रुवारीत पाऊस, हो.

पहिले १० किलोमीटर ७० मिनिटांत. कॅम्पातली पोरं पुढे निघून गेली, जाऊ दिली. १९ ला उजव्या पोटरीत परत तो उंदीर फिरला. या वेळी ऐकलं. अर्धा मिनिट थांबून ताणलं, दोन मिनिटं चाललो, मग सावकाश. गोळा आलाच नाही. २ तास ३१ मिनिटं. वेळ काही फार भारी नाही, पण शेवटची कमान पळत ओलांडली.

आता खाराचं. छोट्या बाटलीत लिंबाच्या लोणच्याचा खार, वर भरीला संकेश्वरी मिरचीची पूड घालून चड्डीच्या मागच्या खिशात ठेवली होती. बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं. १२ व्या किलोमीटरपासून जे काही झालं ते मी इथे लिहू शकत नाही.

---

कुंदा_कमी_खा | २४ फेब्रुवारी, रात्री ८:४४

त्यानेच वेळ सुधारली असती, पण तू सावकाश पळायचं ठरवलं होतंस.

---

जांबोटी_एक्सप्रेस | २५ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

अभिनंदन! माझंही सांगतो. सीट बोटभर उंच निघाली. खाली घेतली, आणि चोर्ल्याच्या परतीच्या चढाला लहान गिअर टाकून बसायला शिकलो. दोन फेऱ्यांत एकदाही नाही. मॅग्नेशियमची डबी अजून संपलेली नाही, म्हणून खातोय.

---

माई_येळ्ळूर | ६ जून, संध्याकाळी ७:१५

दिंडी निघायची वेळ आली. या वर्षी वांब फारच येतात, घरात बसल्या जागीसुद्धा. ताई, दोन वर्षं झाली मी बीपीची गोळी घेते. त्याने लघवीला जास्त होतं. तिचा काही संबंध?

---

फिजिओ_निपाणी | ६ जून, रात्री ८:०२

असू शकतो माई. लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरू शकतं आणि वांब येऊ शकतात. पण गोळी स्वतःहून बंद करू नका. निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा, चालत पंढरपूरला जाताय हे त्यांना स्पष्ट सांगा आणि रक्त तपासून घ्या. खार चाटायचा का तेही त्यांनाच विचारा.

---

माई_येळ्ळूर | १२ जून, रात्री ९:१०

सोडियम कमी निघालं. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली, आठवड्याने परत तपासायला बोलावलंय आणि आमच्या दिंडीप्रमुखांना फोनवर सांगून ठेवलंय. मी तिसऱ्या मुक्कामापासून सामील होणार, नातू गाडीने सोडणार आहे. झोपायच्या आधी पाय ताणायचं नातीने शिकवलं, भिंतीला हात लावून.

मोबाईल हिच्याकडेच राहणार. त्यामुळे काही लिहिलंत तर एकादशीनंतर वाचेन.